खुणा जुळल्या, ओळख पटली नाही

'तोतया' हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की त्यामागचा माणूस आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. तोतया पोलीस, तोतया अधिकारी अशा बातम्या वर्तमानपत्रांत नित्य वाचावयास मिळतात. परंतु मराठी मनात हा शब्द ज्या एका माणसामुळे कायमचा बसला तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण. पानिपतानंतर तो सदाशिवराव भाऊ म्हणून वावरला आणि १७७६ साली त्यापायी प्राणास मुकला. त्याच्या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले (१९१३). या नाटकाकडे, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या वाङ्मयातील इतर काही 'सारख्या चेहऱ्यांकडे', पुन्हा एकदा पाहावेसे वाटले ते एका निराळ्याच कारणाने. ते कारण वैद्यकातले आहे आणि काही अंशी घरातलेही.

१९२३ साली जोसेफ कॅपग्रा आणि रबूल-लाशो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांनी एका ५३ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. टिपणात तिचा उल्लेख 'मादाम एम.' एवढाच आहे. आपला नवरा आणि आपली मुले नाहीशी करून त्यांच्या जागी हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी माणसे आणून ठेवली आहेत, असा तिचा ठाम समज होता. पुढे या भ्रमाला कॅपग्रा यांचेच नाव मिळाले. विकार विरळा खरा. पण स्किझोफ्रेनियात, डोक्याला जबर इजा झाल्यावर आणि उतारवयातील काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तो आढळतो. रोग्याला चेहरा ओळखता येत नाही असे येथे मुळीच नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. नाक तेच, डोळे तेच, चालण्याची ढब तीच, हे तो स्वतःच कबूल करतो. त्याची तक्रार एवढीच असते की हा माणूस तो नव्हे. आणि ही तक्रार सहसा दूरच्या माणसाबद्दल नसते. जो सर्वांत जवळचा, बहुधा त्याच्याच वाट्याला ती येते.

या हुबेहूब माणसांसाठी कॅपग्रा यांनी जो शब्द वापरला तो 'सोझी', आणि तो रंगभूमीवरून आलेला आहे. मोलिएरच्या 'अँफित्रियाँ' (१६६८) या नाटकात ज्युपिटर हा देव अँफित्रियाँ या सेनापतीचे रूप घेऊन त्याच्या पत्नीच्या महालात शिरतो, आणि मर्क्युरी हा दुसरा देव सेनापतीच्या सोझी नावाच्या नोकराचे रूप घेतो. खरा सोझी दाराशी येतो तेव्हा खोटा सोझी त्याला असा बडवतो की आपण कोण, याचीच त्या गरिबाला शंका येऊ लागते. मूळ कथा याहून पुष्कळ जुनी, प्लॉटस या रोमन नाटककाराची. फ्रेंचांनी सोझीचे सामान्यनाम केले, आणि जुळ्यासारखा दिसणारा कोणीही 'सोझी' ठरला. थोडक्यात, फ्रेंच वैद्यांना शब्द प्रहसनातून मिळाला. हाच विकार पुण्यात प्रथम नोंदला गेला असता तर त्याला शब्द इतिहासातून मिळाला असता. (देवलांचे 'संशयकल्लोळ' हेदेखील मोलिएरच्याच एका प्रहसनाचे, इंग्रजीमार्गे आलेले, दूरचे नातवंड. तेथे घोटाळा करते ती तसबीर. पण ते असो.)

आता भाऊसाहेबांकडे वळू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय घडले ते या वाचकांना सांगावयास नको. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्या युद्धाचा फार्सीत वृत्तांत लिहून ठेवला आहे. रणांगणावर सापडलेल्या एका धडाची ओळख कशी पटवली, ते त्यात दिलेले आहे. धडाला मस्तक नव्हते. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाने केलेल्या कट्यारीच्या वाराचा वण आणि पायावर सामुद्रिकात शुभ मानलेल्या रेषा, या तीन खुणांवरून ते धड भाऊसाहेबांचे ठरले. महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील फार जवळचा वाटतो. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानांवर 'ओळखीच्या खुणा' असा एक रकाना असतो. डाव्या भुवईवर तीळ, उजव्या कोपराखाली भाजल्याचा डाग, असे काहीबाही त्यात भरले जाते. दस्ताची नोंदणी असली की दोन इसम पुढे येऊन आपण पक्षकारास ओळखतो म्हणून सही करतात. रणांगण असो वा कचेरी, ओळख म्हणजे खूण आणि साक्षीदार. तिसरे काही लागते, अशी शंका नोकरीत असताना मला कधी आली नाही.

पार्वतीबाईंना मात्र या खुणा पुरल्या नाहीत. पतीचा चेहरा मृतावस्थेत त्यांच्या दृष्टीस पडलेला नव्हता. त्यांनी वैधव्य पत्करले नाही, सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. आणि मग काही वर्षांतच नेमका उलटा प्रसंग उभा राहिला. पानिपताने दिले होते ते चेहऱ्यावाचूनचे शरीर. आता उत्तरेतून आला तो चेहरा. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत या माणसाची चौकशी झाली, तोतया म्हणून त्याला किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले. पुढे रघुनाथराव आणि बारभाई यांच्या झगड्यात राज्याची घडी विस्कटली. त्या धामधुमीत, १७७६ मध्ये, तो रत्नागिरीहून मोकळा झाला आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. महादजी शिंद्यांना त्याच्यावर फौज घेऊन जावे लागले. अखेर आंग्र्यांच्या हाती तो सापडला आणि त्या वर्षाखेर पुण्यात त्याला देहदंड झाला.

केळकरांचा कल नाटकाच्या नावातच उघड होतो. 'तोतया' नव्हे, 'तोतयाचे बंड'. केळकर हे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांचे संपादक, टिळकांचे सहकारी. राज्य, लोकमत आणि मुत्सद्देगिरी हा त्यांच्या लेखणीचा रोजचा व्यवहार. तोतया म्हणजे राज्यावर आलेले अरिष्ट, ही दृष्टी त्यांना सहज सुचावी यात नवल नाही, आणि तिला मी दोषही देत नाही. परंतु या दृष्टीने प्रकरणाकडे पाहिले की एक गोष्ट आधीच ठरून जाते. प्रश्न तोतयाचा, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचा, होऊन बसतो. तो खरा की खोटा एवढे ठरले की सारे संपले. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत काय चालले आहे, हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. नाटककाराने पार्वतीबाईंकडे कितीही सहृदयतेने पाहिले तरी बंड मोडणे हाच शेवट इतिहासाने त्याच्या हाती ठेवला आहे, आणि पार्वतीबाईंचा प्रश्न बंड मोडल्याने सुटणारा नव्हता.

लोकांनी या माणसावर विश्वास का ठेवला, याचे उत्तर फितुरीत आणि राजकारणात शोधले जाते. तेही खोटे नाही. पण ज्या पानिपतावर घरटी माणूस गेला, त्या समाजाला भाऊसाहेब परत आले असे मानण्यात दुसराही एक लाभ होता. ते परतू शकतात तर आपलाही कोणी परतू शकेल. तेथे माया आधीच तयार होती. ती ठेवावयास एक चेहरा हवा होता. कॅपग्राच्या रोग्यापाशी माणूस असतो, माया हरवलेली असते. १७७६ च्या कोकणापाशी माया होती, माणूस नव्हता. म्हणूनच वैद्यकातला हा विरळा विकार मला त्या प्रकरणाची उलटी बाजू वाटतो. त्याच्या उजेडात पाहिले तर सुखनिधानापेक्षा त्याच्याकडे पाहणारे अधिक विचारात घ्यावे लागतात.

आपल्या प्राचीन वाङ्मयात पाहणाऱ्याला असे मध्यभागी आणणारी एक कथा आहे, आणि ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान. मराठीत रघुनाथ पंडितांच्या 'दमयंतीस्वयंवरा'मुळे ते घरोघर पोहोचले. स्वयंवरमंडपात दमयंतीपुढे एकसारखे पाच नल बसलेले आहेत. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम यांनी नलाचे रूप घेतले आहे. दमयंती देवांच्या खुणा आठवून पाहते. वृद्धांकडून ऐकलेल्या त्या खुणा पाचांपैकी एकातही दिसत नाहीत. येथपर्यंत ती आमच्या कचेरीतल्या कारकुनाच्याच वाटेने चालली आहे, आणि ती वाट बंद आहे. मग ती आपल्या सत्याची शपथ घालून देवांनाच शरण जाते. मनाने मी नलाला वरले आहे. हे खरे असेल तर मला तो दाखवा. तेव्हा देव आपली चिन्हे प्रकट करतात. त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत. नल मात्र सावलीसकट, धुळीसकट, घामासकट तेथे बसलेला असतो.

आपण कीर्तनात ही गोष्ट ऐकतो ती चिन्हांसाठी. वक्ताही तेथेच रंगतो. पण कवीने क्रम कसा लावला आहे ते पाहावे. आधी निश्चय, मग खुणा. खुणांवरून दमयंतीला नल सापडला नाही. तिचा निश्चय ढळला नाही म्हणून खुणा दिसल्या. पूर्वी मला हे निव्वळ पातिव्रत्याचे माहात्म्य वाटत असे. आता वाटते की ओळख या व्यापाराचे इतके अचूक वर्णन क्वचितच कोणी केले असेल.

याला आधार प्रयोगशाळेतला आहे. ओळखीचा चेहरा दिसला की आपल्या नकळत तळहातावर सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून विजेचा प्रवाह किंचित अधिक सुलभपणे वाहतो. हे यंत्राने मोजता येते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की कॅपग्राच्या रोग्यांत जिवलगांचे चेहरे पाहूनही ही प्रतिक्रिया उमटत नाही. चेहरा पाहून नाव सांगणारी वाट शाबूत असते. चेहरा पाहून जीव हलवणारी वाट तुटलेली असते. मूळचे तमिळनाडूचे आणि पुढे अमेरिकेत स्थिरावलेले मेंदुवैज्ञानिक व्ही. एस. रामचंद्रन यांनी याच सुमारास अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका तरुणाचा अभ्यास केला. समोर बसलेले आईवडील त्याला तोतये वाटत. तेच वडील दूरध्वनीवर बोलले की तो त्यांना तत्काळ ओळखी. कानाची वाट निराळी, आणि ती तुटलेली नव्हती. अर्थात केवळ एवढ्याने भ्रम होतो असे नाही. काही जणांत ही प्रतिक्रिया मंदावते, तरी ते घरच्यांना तोतये म्हणत नाहीत. विचित्र अनुभवाला विचित्र स्पष्टीकरण देऊन ते कधीच न तपासणे, असा विवेकाचाही काही बिघाड त्याला जोडून लागतो असे अभ्यासक मानतात.

मला थांबवले ते त्या घामाने. पुराणातला घाम ओळखला जाणाऱ्याच्या कपाळावर आहे. प्रयोगशाळेतला घाम ओळखणाऱ्याच्या तळहातावर. आपले बहुतेक वाङ्मय पहिल्या घामाकडे पाहत राहिले.

नलोपाख्यानाचा कर्ता मात्र तेवढ्यावर थांबत नाही. उत्तरार्धात तो तोच प्रश्न उलटा करून मांडतो. कर्कोटक नागाच्या दंशाने नल विरूप झाला आहे, बाहुक नावाने ऋतुपर्णाच्या अश्वशाळेत राबतो आहे. आता चेहरा अजिबात जुळत नाही. दमयंती केशिनी दासीला त्याच्या पाळतीवर पाठवते. त्याने शिजवलेले अन्न मागवून चाखते. अखेर मुलांना त्याच्यापुढे धाडते. मुलांना पाहताच तो त्यांना उचलून घेतो आणि रडतो. जीभ, हात, अश्रू यांनी ओळख पटते. डोळे शेवटी येतात. मनोविकारशास्त्रात याचीही छाया सापडते. १९२७ साली पॅरिसमध्येच एका तरुणीची नोंद झाली. वेगवेगळ्या अनोळखी माणसांच्या रूपाने त्याच दोन नट्या आपला पाठलाग करतात, असे तिला वाटे. त्या भ्रमाला फ्रेगोली या इटालियन नटाचे नाव दिले गेले. हा नट क्षणार्धात वेष पालटून एकट्याने अनेक पात्रे उभी करी. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त बावन्न पात्रे एकट्याने वठवणारे लक्ष्मण देशपांडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना फ्रेगोली वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की दमयंतीचा बाहुक खरोखरच नल होता.

आपल्याच जिल्ह्यातील शिरसीत ज्यांचे बालपण गेले त्या गिरीश कार्नाडांच्या 'नागमंडल' (१९८८) या कन्नड नाटकाचा येथे उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. राणीचा नवरा अप्पण्णा तिला दिवसभर घरात कोंडून बाहेर कुलूप लावतो, दुपारी जेवायला येतो, निघून जातो. रात्री मोरीच्या वाटेने एक नाग शिरतो आणि अप्पण्णाचे रूप घेऊन तिच्याशी मायेने बोलतो. एक चेहरा आणि दोन माणसे. राणीला विसंगती दिसत नाहीत असे नाही. आरशात तिला नाग दिसलेला आहे. रात्री पाहिलेली जखम दिवसा दिसत नाही. त्याचा स्पर्श थंड आहे. खुणा तिच्या पुढ्यात पडलेल्या असताना ती त्यांचा हिशेब मांडत नाही, कारण मांडला तर रात्र जाईल. कोकणाने तोतयाला मानले त्यात आणि राणीने नागाला मानले त्यात मला एकच मानवी गरज दिसते. नाटकाच्या अखेरीस खुद्द नाटकातच शंका काढली जाते, की खरा नवरा जवळ आल्यावर तिला फरक कळलाच नसेल का? कार्नाड त्यावर एकाहून अधिक शेवट देतात. काही समीक्षकांना ही नाटककाराची चलाखी वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ओळख कोठे संपते आणि कबुली कोठे सुरू होते याची रेषा त्याने ओढली नाही, कारण ती कोणालाच ओढता येत नाही.

मराठीने मनोविकार हा विषय टाळला असे मी म्हणणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया झालेल्या भावासोबत त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताणही दाखवली. पण ज्याला त्याच्याच घरात तोतया ठरवले गेले आहे आणि जो तोतया नाही, त्याचे नाटक मला मराठीत हवे आहे. मोलिएरचा सोझी मार खातो आणि प्रेक्षक हसतात. त्या हसण्याच्या पलीकडे जे आहे ते मी पाहिले आहे.

आमच्या थोरल्या वहिनींना सत्तरीनंतर हा विकार झाला. प्रथम अंगणात नसलेली लहान मुले दिसू लागली, हात कापू लागले, आणि एका सकाळी दादांना पाहून त्या म्हणाल्या, "हे ते नव्हेत." घरच्यांनी आधी देवाला कौल लावला, मग धारवाडला नेले. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आणि त्यातून उद्भवलेला हा भ्रम, असे निदान केले, आणि वाद घालू नका म्हणून बजावले. आम्ही वाद घातलाच. मीच पुढाकार घेतला. खुणांवर विश्वास ठेवण्याची सवय मला. दादांच्या पोटरीवर कोयत्याचा जुना वण आहे, तो त्यांना दाखवायला लावला. वहिनींनी तो वाकून नीट पाहिला. म्हणाल्या, "त्यांच्यासारखाच केला आहे." त्यानंतर दादा समोर आले की त्या परपुरुष आल्यासारख्या पदर सावरून माजघरात जात.

औषधांनी भास कमी झाले. हे गेले नाही. दादांनी त्यावर आपली वाट शोधली. संध्याकाळी ते घरात न शिरता ओसरीवर भिंतीला टेकून बसत आणि तेथूनच बोलत. आवाज वहिनींना चटकन ओळखू येई. सुपारीचा भाव, गाय, दांडेलीला गेलेला मुलगा, असे त्यांचे अर्धा-अर्धा तास चाले. मधेच त्या आतून हलक्या आवाजात विचारीत, "तो गेला का?"

दादा म्हणत, "गेला."